कवळी बसवलेला राजा

कवळीकाकूंना आख्खी गल्ली ओळखते ती कवळ्यांमुळे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि पाठवून देतात. पुढचं सगळं काकूंच्या समोरच्या खोलीत होतं. मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या, आणि मग एकेक दात रंग जुळवून बसवणं. पस्तीस वर्षं हा उद्योग चालू आहे. रस्त्यात कोणी हसून नमस्कार केला की काकू आधी दात बघतात, मग माणूस ओळखतात. स्वभाव तिखट. दात दुखतोय म्हणून कोणी चुकून दारात आलंच, तर "मी दात करते, दुरुस्त करत नाही" एवढं बोलून दार लावून घेतात.

त्याच खोलीत खिडकीशेजारी काचेचं एक कपाट आहे आणि त्यात बुटके आहेत. शिशाचे, अंगठ्याएवढे. डोंगराच्या पोटात राहून खाणी खणणारे, पोटापर्यंत दाढी आणि हातात कुऱ्हाड असलेले, गोष्टीतले बुटके. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी असे बुटके खेळासाठी ओतले जायचे. आता प्लास्टिकचे निघतात, चकचकीत आणि सगळे एका तोंडाचे. काकू त्यांना बाटलीची झाकणं म्हणतात.

काकूंचे बुटके आले भंगारातून. लग्नाला नुकतं वर्ष झालं होतं. झिजलेले पितळी साचे मोडीत घालायला त्या भंगारवाल्याकडे गेल्या, तर त्याच्या तराजूत बिस्किटांचा डबा आणि डब्यात त्रेचाळीस बुटके. शिसं म्हणून वितळवायला निघाला होता तो. काकूंनी एक उचलून डोळ्याजवळ धरला. रंग भिंतीला फासावा तसा फासलेला, पण त्याखाली दाढीचा केस न् केस ओतलेला. स्वतः ओतकाम करणाऱ्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही. पितळ तिथेच सोडून त्या डबा घेऊन घरी आल्या.

"पितळेचं काय आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"त्रेचाळीस जण," काकू म्हणाल्या.

सासूबाई त्या दिवशी फारसं जेवल्या नाहीत.

पुढे जुन्या बाजारातून, कोणाच्या माळ्यावरून, कोणाशी अदलाबदल करून, त्रेचाळीसांचे एकशे बारा झाले. हौसेला मोल नाही म्हणतात; काकूंच्या हौसेला वेळापत्रक मात्र होतं. दुपारी बारा ते एक, ऊन खिडकीत सरळ येतं तेवढाच तास. जुना रंग द्रावणात भिजवून काढायचा, दात घासायच्या ब्रशाने हलकेच घासायचा, आणि मग चार केसांच्या कुंचल्याने नवा चढवायचा. दाढ्या त्या दातांच्या रंगपट्टीवरून रंगवतात, पांढऱ्यापासून चहाने पिवळ्या पडलेल्यापर्यंत. त्यामुळे त्यांच्या बुटक्यांची वयं कळतात. हा पन्नाशीचा, हा सत्तरीचा, आणि ह्याला तंबाखूचं व्यसन.

राजा डब्याच्या तळाशी सापडला होता. उजवा हात मनगटापासून गायब, कुऱ्हाड तर नाहीच. तोंड आरोळी ठोकायला उघडलेलं, पण आत दातांच्या जागी नुसता शिशाचा गोळा. काकूंना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी मेणात पंजा घडवला, दातांच्या धातूत ओतला, त्यात कुऱ्हाड दिली, आणि मग भिंगाखाली सुईच्या टोकाने राजाच्या तोंडात वरची कवळी बसवली. खऱ्या पोर्सेलीनची, मोहरीच्या अर्ध्याएवढी. चार महिने काकू दुपारचं जेवण उभ्यानेच जेवल्या. कवळी बसवलेला दुसरा बुटका जगात कुठे असेल तर त्यांना माहीत नाही, आणि असला तरी त्याची कवळी सैल असणार, असं त्यांचं ठाम मत आहे.

बुटके नुसते मांडून ठेवायचे असते तर हे सगळं सुखाचं होतं. पण ते लढायचेही असतात.

बाजारातल्या कुलूपवाल्यांच्या दुकानामागे एक गोदाम आहे. तिथे प्लायवूडचं टेबल, त्यावर थरांथरांची एक टेकडी, आणि टेकडीत खाणीचं काळं तोंड. दर महिन्याला सहा जण जमतात. सहाही जणांकडे जुने शिशाचे बुटकेच, म्हणजे लढाई कसली, शुद्ध भाऊबंदकी. दोन घराणी आणि एक खाण. टेपने मोजून तीन इंच सरकायचं आणि फासे टाकायचे, अशा आठ फेऱ्या. शेवटी खाणीपुढच्या कड्यावर ज्याचे जास्त बुटके उभे, तो जिंकला. राजा मेला तर खेळ तिथेच खलास, आणि राजाशिवाय फौज मांडताच येत नाही. वर्षातून एकदा मोठा सामना होतो, आणि त्याला मंडळींनी आपणच एक नियम घालून घेतला आहे. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या फौजेतला कोणताही एक बुटका उचलायचा, कायमचा. देणाऱ्याने हूं की चूं करायचं नाही.

मोठ्या सामन्यात काकूंची गाठ नेहमी गुरांच्या डॉक्टरांशी. डॉक्टर गायी-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारे; त्यांचं रंगकामही त्याच हाताचं. पण खेळायला बसले की डोकं थंड. अकरा वर्षांत अकरा सामने झाले आणि अकराही डॉक्टरांनी मारले. पहिल्या वर्षी ते काकूंचा ढोलवाला घेऊन गेले, मग मशालवाला, मग एक डोळा बांधलेला म्हातारा, असे करत अकरा. माणूस सज्जन, सगळं नियमाने. पण दरवर्षी ते हे बुटके आपल्या फौजेत घालून काकूंच्याच अंगावर आणत. स्वतः रंगवलेली माणसं स्वतःवर चालून येताना बघणं काय असतं, हे काकूंना विचारावं. विचारू नये खरं तर.

यंदा सामन्याच्या आधी महिनाभर डॉक्टर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "काकू, आधीच सांगून ठेवतो. ह्या वर्षी राजा नेणार मी. अकरा वर्षं धीर धरला."

"आधी जिंका."

"ते काय, होईलच," डॉक्टर अगदी सहज म्हणाले.

ते 'होईलच' काकूंच्या डोक्यात गेलं. घरी येऊन त्यांनी राजा कपाटातून काढला, पुसला, परत ठेवला. त्या रात्री जेवताना नवऱ्याला त्यांनी दोनदा मीठ वाढलं.

नवरा शाळेची बस चालवतो. ह्या खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण सुट्टीच्या सकाळी सरावाला समोर बसायला तयार असतो. काकूंनी जेवणाच्या टेबलावर स्पंजची झाडं लावून फौज मांडली आणि डॉक्टरांच्या बुटक्यांच्या जागी औषधाच्या बाटल्यांची बुचं ठेवली. बुचं जिंकली. दुसऱ्यांदाही जिंकली.

"एक विचारू?" नवरा म्हणाला.

"विचारा."

"पुढे मरायला उभे केलेत ते सगळे ओबडधोबड. मागे झाडीत आहेत ते सगळे देखणे. असं का?"

"शिशावर शिसं घासलं की रंग उडतो. कड्यावर दाटी असते."

"मग लढतं कोण?"

काकूंनी पडलेलं एक बूच सरळ केलं.

"मी बसमध्ये नव्या सीटा टाकल्या आणि पोरांना बसूच दिलं नाही, तर बस कशाला काढायची? तू तिथे लढायला जात नाहीस गं. त्यांना सांभाळायला जातेस. आणि इतकं सांभाळलेलं डॉक्टर उचलून नेतात."

"तुमची बस तुम्ही चालवा," काकू म्हणाल्या आणि सगळी बुचं एका हाताने गोळा करून डब्यात टाकली.

खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो, ही तर बायको. दोन दिवस घरात अबोला होता. पण त्या दोन दिवसांत काकूंनी अकरा सामने मनात पुन्हा खेळून पाहिले, आणि अकराही वेळा राजा झाडीतच उभा होता. राजा पहिल्या ओळीत असला तर त्याच्या बाजूचे बुटके फासा हरले तरी मागे हटत नाहीत, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. तो वापरायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती. आपण अकरा वर्षं भित्र्यासारखं खेळलो, आणि भीती मरणाची नाही तर खरवडण्याची होती, हे कळलं तेव्हा काकूंना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या कवळीत सुळा उलटा बसवला.

सामना सकाळी दहाला सुरू झाला. कुलूपवाले पंच. नवराही आला होता, हाताची घडी घालून भिंतीशी उभा. डॉक्टरांच्या पहिल्या ओळीत ढोलवाला, मशालवाला, एकडोळ्या म्हातारा, सगळी काकूंची जुनी माणसं.

जित्याची खोड म्हणतात ती काय खोटी नाही. एवढा विचार करून आलेल्या काकू पाच फेऱ्या जुनंच खेळल्या. ओबडधोबड पुढे, देखणे झाडीत. पाचव्या फेरीअखेर कड्यावर डॉक्टरांचे सात, काकूंचे तीन. राजा सहा इंच मागे, स्पंजच्या झाडांत, सुरक्षित. डॉक्टर रुमालाने चष्मा पुसत होते आणि त्यांची नजर राजावर होती. ती नजर काकूंनी पाहिली. ज्याला एवढं जपलं तो तासाभरात ह्या माणसाच्या खिशात जाणार होता, एकही घाव न घालता.

काकूंनी राजा उचलला आणि तीन इंच पुढे ठेवला. त्याच्यामागे झाडीतले सहाही देखणे निघाले.

सातव्या फेरीत राजा कड्यावर चढला. कडा चार बोटं रुंद, वर वाळू चिकटवलेली. शिशाला शिसं भिडल्याचा खट्ट आवाज झाला तेव्हा काकूंचा हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला.

"काकू, दाटी आहे तिथे," कुलूपवाले हळूच म्हणाले.

"असू दे."

आणि इथे डॉक्टरांचं डोकं पहिल्यांदा तापलं. गुपचूप जागा धरून बसले असते तर सामना त्यांचाच होता. पण अकरा वर्षं झाडीत असलेला राजा हाताच्या अंतरावर आला, आणि तो मारला की खेळ आत्ताच खलास. त्यांनी जागा सोडून तिघांना एकदम राजावर घातलं. मशालवाला पुढे सरकवताना त्यांचा अंगठा अडकला, राजाला धक्का बसला, आणि राजा कड्यावरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर गेला.

डॉक्टर स्वतः गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी राजाला उचलून आणलं. त्यांचा चेहरा उतरला होता. दाढीचं टोक खरवडून आत शिसं दिसत होतं, गालावर एक चरा होता.

"काकू, माझी चूक. आपण थांबू या. सामना बरोबरीत धरू. राजा तुमच्याकडेच राहील."

म्हणजे ज्यासाठी महिनाभर झोप उडाली होती ते आयतं हातात आलं होतं. नवरा भिंतीपासून पुढे झाला. काकूंनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, राजाचं तोंड उजेडाकडे केलं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"कवळी जागेवर आहे," त्या म्हणाल्या. मग राजाला त्याच्या जागी, तिघांच्या मधोमध, ठेवला. "बरोबरी कसली? टाका फासे."

डॉक्टरांनी टाकले. राजा टिकला. काकूंनी टाकले, आणि मशालवाला पडला. आठव्या फेरीत काकूंच्या बाजूचे दोघे फासा हरले, पण राजा शेजारी होता, दोघेही हटले नाहीत. डॉक्टरांचे हरले ते नियमाप्रमाणे एक पाऊल मागे गेले, आणि मागे कडाच नव्हता. एकडोळ्या गेला, मग त्याच्या पलीकडचा गेला. काकू फासे खुळखुळवत नव्हत्या, नुसत्या टाकत होत्या. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणायचं ते अशाच वेळी. कुलूपवाल्यांनी दोनदा मोजलं.

"काकू सहा. डॉक्टर तीन."

काकू खुर्चीत बसल्या. मग त्या हसल्या, सगळे दात दिसतील इतक्या. तेवीस वर्षांपूर्वी लेकीच्या जन्माच्या वेळी त्या अशा हसल्या होत्या, असं नवऱ्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी आनंद त्यांच्याकडून आवरला गेला नाही आणि त्यांनी तो आवरायचा प्रयत्नही केला नाही.

डॉक्टरांनी हार मोठ्या मनाने घेतली. त्यांनी काकूंचे अकराही बुटके एका तबकात ओळीने मांडून पुढे केले.

"हे तुमचेच आहेत काकू. न्या सगळे. मलाच बरं वाटेल."

काकूंनी तबकाकडे पाहिलं. अकरा वर्षांत एकाचीही धूळ पुसलेली नव्हती.

"नियम एकाचा आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी ढोलवाला उचलला, फुंकर मारली आणि रुमालात गुंडाळला. "बाकीचे दहा राहू देत तुमच्याकडे."

"का बरं?"

"दरवर्षी एक नेईन. तब्येतीला जपा डॉक्टर, मला अजून दहा वेळा जिंकायचंय."