डाव्या हाताचे घट्टे

माझ्या घरात चौदा गिटारी होत्या, आता तेरा आहेत, आणि मला गिटार वाजवता येत नाही. येत होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण यवतमाळातले लोक आजही पाहुण्यांना माझी ओळख 'गिटारवाले साहेब' अशी करून देतात आणि मी मान हलवतो. मान हलवायला काय लागतं.

चौदाही गिटारी हॉलच्या भिंतीवर असायच्या. त्या खोलीत कूलर लावायचा नाही हा माझा नियम, कारण कूलरच्या ओल्या हवेनं लाकूड फुगतं. मे महिन्यात यवतमाळात कूलर लावायचा नाही म्हणजे काय, ते इथं राहिलेल्यालाच कळेल. शेवटी एसी घेतला, तोही हॉलमध्येच. आम्ही झोपायचो आतल्या खोलीत, पंख्याखाली. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरी एसी माणसाले नाही, लाकडाले हाय." लोक हसायचे. मीही हसायचो आणि मऊ कापडानं गिटारी पुसत राहायचो.

माझ्यासारख्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. नागपूर, पुणे, कुठकुठले लोक. लाकूड कोणतं, मागची फळी अखंड की जोडाची, खुंट्या मूळच्या की बदललेल्या, यावर तिथं दिवसच्या दिवस चर्चा चालते. फोटोच फोटो. इतक्या वर्षांत तिथं कुणी स्वतः वाजवलेलं काही पाठवल्याचं मला आठवत नाही. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही, मला तर नाहीच.

भिंतीवरची पहिली गिटार मात्र माझ्या एकट्याची नव्हती. कॉलेजात असताना मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून ती घेतली होती. तो मुकुटबनचा, मी फुलसावंगीचा, वसतिगृहात खोली एक. गिटार एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. पहिल्या महिन्यात दोघांच्याही डाव्या हाताच्या बोटांची टोकं सोलून निघाली. मग तिथं घट्टे आले. रोज तारा दाबणाऱ्याला ते येतातच, आणि एकदा आले की तार टोचत नाही. आम्ही एकमेकांचे घट्टे नखानं टोकरून बघायचो, कुणाचा जास्त टणक. जयंतीला विहारापुढे आमचा कार्यक्रम असायचा. ज्याचा आठवडा असेल त्यानं वाजवायचं, दुसऱ्यानं गायचं. मी काही करून दाखवलं असेल तर ते तेवढ्याच तीन वर्षांत.

मला नोकरी लागली तेव्हा आठवडा माझा होता. गिटार माझ्याकडेच राहिली. त्यानं मागितली नाही. तो गावी गेला, झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि कुठून तरी एक जुनी गिटार मिळवली. मी ती पाहिली होती. एक तार तुटली तर सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक पदर सोडवून लावलेला. फुटलेल्या जागी फवारणीच्या पंपाचे नटबोल्ट. रोज संध्याकाळी दुकानासमोर तो वाजवत बसायचा. गिऱ्हाईक आलं की गिटार बाजूला ठेवायची, झेरॉक्स काढून द्यायची, पुन्हा मांडीवर घ्यायची. बोल्टांमुळे तिचा आवाज खरखरायचा. लोकांना हसवायला म्हणून मी ग्रुपवर तिचा फोटो टाकला होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो माझ्या घरी आला. घामानं निथळत होता. एसीखाली बसवलं, पाणी दिलं.

"काहून रे, इतक्या उन्हात?"

"माह्या गिटारीचा ब्रिज उखडला," तो म्हणाला. ब्रिज म्हणजे तारा जिथं अडकवतात ती पट्टी. "डिंक लावून पाह्यला, बोल्ट मारून पाह्यले. लाकडाचा पार भुसा झाला." मग भिंतीकडे बघून अगदी सहज म्हणाला, "मले आपली जुनी दे."

'आपली' म्हणाला तो. मला ते खटकलं, हे मी आज कबूल करतो.

"तिचं लाकूड नाजूक झालं आता," मी म्हणालो. "तुह्या तिकडच्या उन्हात उकलून जाईन."

"वाजता वाजता उकलंन. त्याले काय होते?"

खरं कारण असं की त्या गिटारीवर मी ग्रुपवर मोठं टिपण लिहिलं होतं, संग्रहातली पहिली म्हणून, आणि लोकांनी वाहवा केली होती. भिंतीवर मधोमध तिची जागा होती. ती गेली असती तर तिथं नुसता खिळा दिसला असता. त्या खिळ्यासाठी मी मित्राला नाही म्हणालो. तेही धड तोंडावर नाही. "दुरुस्त करून ठेवतो, दिवाळीपावतर घेऊन जाजो," असं म्हणालो. तो बरं म्हणाला.

तो उठला तेव्हा मला कसंतरीच झालं. आतून गिटारीची एक पेटी आणली. काळी, कडक, आत मखमल.

"हे घेऊन जाय तोवर."

"रिकामी?"

"गिटार आली का ठेवाले होईन."

तो हसला. पेटी खांद्याला लावून एसटी स्टँडकडे गेला. ज्या माणसाची गिटार दिवसभर हाताशीच असायची त्याला मी पेटी दिली होती.

दिवाळी गेली. त्याचा एक फोन आला, "झाली का दुरुस्त?" मी म्हणालो, कारागीर गावाला गेलाय. कारागीर कुठला, दुरुस्त करण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. पुढच्या फोनवर त्यानं गिटारीचा विषय काढला नाही. घरचं, तब्येतीचं बोलला. मला सुटल्यासारखं वाटलं. जानेवारीत त्याला झटका आला. वणीला नेईस्तोवर गेला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी ती गिटार भिंतीवरून काढली. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला. सवयच तशी.

मुकुटबनला त्याच्या घरी वंदना झाली. दोन्ही तसबिरींना फुलं वाहिली गेली, आणि खाली त्याच्या फोटोलाही. त्याच्या बायकोनं माझ्या हातातली गिटार पाहिली. "आणली का भाऊजी," एवढंच म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. कोपऱ्यात माझी काळी पेटी उभी होती. मी तिकडे बघतोय हे पाहून ती म्हणाली, "तिच्यात तुरीचं बी ठेवलं. उंदीर नाही जात."

मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "रोज विचारत, फोन आला का म्हणून. गिटार येईन तोवर घट्टे जाऊ नये म्हणून काउंटरच्या पत्र्याच्या धारेवर बोटं दाबत बसत. मी म्हणो, कापून घ्यान एखांद्या दिवशी. तं म्हणत, मऊ पडले तं पुन्हा पयल्यापासून रडा लागते."

तेवढ्यात विहारातले एक बुजुर्ग म्हणाले, "साहेब, तुम्ही दोघं संगं वाजवत होते. एक गाणं होऊ द्या त्याच्यासाठी." लोक सरकले, मला जागा झाली.

मी गिटार मांडीवर घेतली. सूर लावला. इतक्या वर्षांनी ती उत्तम लागली, माझ्या जपण्यात कसूर नव्हती. बायकांनी ओळ उचलली आणि मी पहिल्या तारा दाबल्या. सुरीसारख्या घुसल्या. बोटं आपोआप उचलली गेली. पुन्हा दाबल्या, नुसता खड्खड् आवाज आला. बायका थांबल्या. तिसऱ्यांदा ओळ सुरू झाली तेव्हा मला सूर कुठे धरायचा तेही आठवेना. पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी माणसं माझ्या बोटांकडे बघत होती. माझी बोटं गोरीगोमटी, मऊ, कापडानं गिटारी पुसणाऱ्याची.

"राहू द्या भाऊजी," त्याची बायको म्हणाली. "टाळ्यांवर म्हणू."

त्यांनी टाळ्यांवर म्हटलं, सगळी कडवी. मला टाळीही वाजवता आली नाही, मांडीवर गिटार होती.

गिटार मी तिथंच ठेवून आलो. त्या घरात आता ती वाजवणारं कुणी नाही, म्हणजे तिथंही ती भिंतीलाच लागणार. परतताना स्टिअरिंग धरलं की डाव्या हाताची बोटं ठणकत होती. टोकांवर तारांचे वळ उठले होते. घरी आल्यावरही ते मी अंगठ्यानं दाबून दाबून बघत होतो. तीन दिवस हुळहुळत होते. चौथ्या दिवशी सकाळी चाचपून पाहिलं, तिथं काही नव्हतं.