जळक्या बागेचा नकाशा

त्या साली शिमगा झाला आणि पाठोपाठ दरबारच्या बागेचा कोळसा झाला. मागच्या टेकडीवरचा वणवा बागेत उतरला आणि तळ्यापर्यंतची सगळी झाडं खाऊन मगच विझला. कोल्हापूरच्या गादीवर महाराज होते तेव्हाची ही गोष्ट. मी बागखात्यात नकाशे काढायला होतो. आमचं घराणं रंगाऱ्यांचं, पिढ्यानपिढ्या कापडं रंगवणारं. माझा हात स्थिर म्हणून मला या नोकरीला चिकटवलेलं. तेव्हा बाग पुन्हा कशी उभी करायची, त्याचा नकाशा काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मिरगाच्या आत तो महाराजांपुढं ठेवायचा होता.

वणवा कुणी लावला हे शोधायला फौजदार लागला नाही. बागेच्या मागच्या दाराशी एका गवळणीचा गोठा होता. नवरा कधीच वारलेला, चार म्हशींवर तिचं पोट. सगळी पेठ तिला मावशी म्हणायची. दर साली ती टेकडीवरचं वाळकं गवत जाळायची. ती एकटीच नव्हे, आमच्याकडं सगळेच जाळायचे. जुनं जळालं की वळवाच्या सरीनं कोवळं गवत भराभर फुटतं आणि म्हशी दूध देतात. हातात ओल्या डहाळ्या घ्यायच्या, वारं बघायचं आणि कडेकडेनं जाळत जायचं. त्या दिवशी वारं फिरलं आणि आग गोठ्याला बगल देऊन बागेत घुसली. विझवता विझवता बाईचे हात कोपरापर्यंत भाजले. सकाळी ती आपल्या पायांनी आमच्या साहेबांपुढं येऊन उभी राहिली.

"म्याच लावलं, साहेब. मुद्दाम न्हाई लावलं, पर म्याच लावलं."

साहेब म्हणजे बागेचे मुख्य अधिकारी. एरवी जमदग्नीचा अवतार. कुणी कळी खुडली तरी तळ्याच्या पलीकडं ऐकू जाईल एवढा आवाज. त्या दिवशी मात्र "जा" एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग आम्ही झाड अन् झाड तपासत फिरू लागलो. साहेब चाकूनं साल खरवडायचे. आत हिरवं दिसलं तर चुन्याचा पट्टा, म्हणजे झाड ठेवायचं. सुकं निघालं तर गेरूचा, म्हणजे तोडायचं. मी मागनं कागदावर खुणा करत जायचो. मागच्या दाराजवळ एक बकूळ होती. साहेबांनी नोकरीला लागल्यावर स्वतःच्या हातानं लावलेली. तिच्यापाशी आले की साहेब चाकू मिटून खिशात घालायचे आणि पुढं चालू लागायचे. तिला चुना नाही आणि गेरूही नाही.

टेकडीच्या पायथ्याला चर, घायपाताचं कुंपण, तळ्यातनं पाट, हे सगळं ठरत गेलं. आणि एक दिवस साहेब म्हणाले, "हा गोठा पूस नकाशातनं. तिला वडगावच्या अंगाला माळ देऊ, तिकडं काय जाळायचं ते जाळू दे."

आमच्या कोल्हापुरात दूध कसं घेतात, ते बाहेरच्याला सांगावं लागेल. म्हैस दारात आणायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा. घागरीतनं आणलेलं दूध फुकट दिलं तरी आमचा माणूस नाक मुरडेल, पाणी घातलंय म्हणेल. वडगावच्या माळावरनं म्हैस रोज पहाटे पेठेत चालवत आणायची म्हणजे वाटेतच आटायची. गोठा हलला की मावशीचं पोट गेलं. सरळ हिशेब होता, आणि साहेबांना तो कळत नव्हता असं नाही.

घरी आईला, म्हणजे अम्माला, सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "तिच्या म्हशीच्या दुधावर वाढलास आणि तूच पुसणार व्हय?"

"अगं, माझ्या हातात काय आहे?"

"रबर हाय की!"

ते रबर मी उचललंच नाही. सगळा नकाशा शाईनं काढला आणि गोठा तेवढा पेन्सिलीत तसाच ठेवला. साहेब रोज विचारायचे आणि मी रोज म्हणायचो, "शाई वाळू द्या, साहेब." रोज नवी शाई कुठली वाळत होती कोण जाणे.

साहेबांच्या घरी दूध मावशीचंच. वणव्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. तरी ती रोज पहाटे म्हैस घेऊन त्यांच्या दारात जायची, ठरलेली धार काढायची, थोडा वेळ थांबायची आणि चरवी घेऊन परत फिरायची. त्या दुधाचं ती काय करते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी साहेबांनी मला हाताला धरून बकुळीकडं नेलं. कुत्र्यांनी बुंध्याशी उकरून उकरून मुळं उघडी पाडली होती, वर मुंग्यांची ही रांग. साहेबांचा आवाज परत आला. "कुठल्या गाढवानं इथं खरकटं टाकलं? चामडी लोळवतो त्याची!"

तेवढ्यात मागच्या दारातनं मावशी आली. आम्ही तिला दिसलो नाही. ती खाली बसली, बुंध्याला साय चोळली आणि चरवी मुळाशी रिकामी केली.

"अगं ए बये!" साहेब धावलेच. "झाडाला दूध कोण घालतं? मारतीस का काय तिला?"

ती दचकून उठली. "तुमच्या नावचं हाय, साहेब. तुमी दार उघडत न्हाईसा. तुमच्या नावची धार दुसऱ्याला कशी इकू? म्हटलं, हिला भाजलंय, हिला तरी घालावं. भाजल्याव साय लावतोय की आपण."

साहेबांची नजर तिच्या हातांवर गेली. कातडं सोललेलं, बोटं सुजलेली. त्याच हातांनी ती रोज धारा काढत होती.

"आणि ह्या हातांना काय लावलंस?"

"कुठलं काय. साय समदी हिलाच लागती."

साहेब बकुळीला टेकून उभे राहिले. सदरा काळा झाला तरी त्यांना भान नव्हतं. ते म्हणाले, "उद्या दार उघडं असंल. आणि आधी साय हाताला. कळलं?" मग माझ्यावर खेकसले, "तू काय बघतोस तोंडाकडं? गोठा शाईनं काढ!"

नकाशात आणखी एक भर पडली. टेकडीवरचं गवत वाळायच्या आत कापायचं आणि मावशीच्या गोठ्यात टाकायचं, म्हणजे जाळायला काही उरायलाच नको. महाराजांनी नकाशा मंजूर केला.

बकूळ काही जगली नाही. पावसाळा सरला तरी एक पालवी फुटली नाही. शेवटी साहेबांनी आपल्या हातानं तिला गेरूचा पट्टा ओढला. त्या जागी दुसरं झाड मात्र त्यांनी लावू दिलं नाही. बाग पुन्हा हिरवी झाल्यावर रोज सकाळी तिथं मावशीची म्हैस उभी राहायची आणि फिरायला येणारे तिथंच दूध प्यायचे. पहिला पेला साहेबांचा. तो घेण्याआधी ते मावशीला दोन्ही हात पुढं करायला लावायचे आणि उलटेपालटे करून बघायचे.