"ब्रेक ऑइल बदललंय, मॅडम"

खंडाळ्याच्या घाटात माझ्या गाडीचं ब्रेक पेडल खाली गेलं. आवाज नाही, धक्का नाही. पाय ठेवला तर ओल्या स्पंजासारखं मऊ लागलं आणि दाबत गेले तसं पार तळाला टेकलं. गाडी उतरतच राहिली.

शेजारी आई होती. पुण्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं, ते उरकून आम्ही दोघी लालबागला परत येत होतो. पुढे एक टेम्पो. मी गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. पुन्हा एक गिअर खाली. हँडब्रेक थोडा ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा, असं करत करत गाडी डाव्या कडेला घेतली आणि दगडाच्या कठड्यापाशी ती एकदाची थांबली.

आई पदराने तोंड पुसून म्हणाली, "मी देवाक सांगलंय, माका न्हेवचा तर न्हे, हिका ऱ्हवांदे."

या वाक्यासाठी मी त्या सर्व्हिस सेंटरला कधीच माफ करणार नाही. कारण त्याच महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. घाटातून जायचंय म्हणून मी मुद्दाम सांगितलं होतं, ब्रेक नीट बघा. गाडी परत देताना तिथला ॲडव्हायजर, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हसून म्हणाला होता, "ब्रेक ऑइल बदललंय, मॅडम. आता दोन वर्षं बघायला नको."

कडेला थांबून ब्रेक गार झाल्यावर पेडल परत थोडं वर आलं. मग पहिल्या गिअरमध्ये, मागच्यांचे हॉर्न आणि शिव्या खात, आम्ही खाली उतरलो.

दुसऱ्याच दिवशी मी सर्व्हिस सेंटरला गेले. झालेलं सगळं सांगितलं. त्या ॲडव्हायजरने ऐकून घेतलं, म्हणजे माझं बोलणं संपायची वाट पाहिली.

"मॅडम, गाडी जुनी झाली ना. आणि लेडीज लोकांना सवय असते, ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात."

"तुम्ही ऑइल बदललं होतं की नाही?"

"बदललंय म्हणून तर सांगतोय. हे बघा," त्याने बॉनेट उघडलं आणि ब्रेक ऑइलची डबी दाखवली. आत मधासारखं स्वच्छ तेल. "दिसतंय ना? तुम्ही एक करा, सरांना पाठवा. त्यांना समजावतो मी."

सर म्हणजे माझा नवरा. त्याला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा त्याने कॉलेजात सोडली. आमच्या घरात गाडीला हात लावते ती मीच, गेली कित्येक वर्षं. पण हे त्या माणसाला सांगत बसायची मला लाज वाटली, आणि लाज मला वाटली याचा संताप आला.

मी परळच्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर सिरिंज, नळ्या, बाटल्या यांच्यातच असते. त्या आठवड्यात डबा खाताना मी ब्रेकवरचे व्हिडिओ पाहिले, गाडीचं जाडजूड पुस्तक पहिल्यांदा उघडलं. कळलं ते असं : ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं झालं की घाटात तापून त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते. मग पाय दाबतो तेव्हा ती वाफच दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. म्हणून नुसती वरची डबी भरून भागत नाही. चारही चाकांपाशी एकेक बारका स्क्रू असतो, तो सैल करून आतलं जुनं तेल बाहेर काढावं लागतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू उघडायचा, तेल नळीतून बाटलीत जाऊ द्यायचं, स्क्रू बंद करायचा, मग पहिल्याने पाय उचलायचा. पुन्हा तेच. दोन माणसं लागतात एवढंच.

ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्ट्सच्या एका दुकानातून सीलबंद ऑइल आणलं, स्क्रूच्या मापाचा पाना घेतला, गाडी उचलून धरायला स्टँड घेतले. पेडल दाबायला नवरा मिळणार नव्हता, रविवारी सकाळी त्याची दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट होती. आई म्हणाली, "माका शिकव. पाय आसत माझे."

आमच्या सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये मी मागचं डावं चाक आधी काढलं. वाकून आत पाहिलं.

त्या स्क्रूवर मातीचा थर होता, दगडासारखा सुकलेला. त्यावरची रबराची टोपी कडक होऊन चिकटून बसली होती. तिच्याखाली गंज. पाना लागला असता तर कडा घासल्या असत्या, माती उडाली असती. इथे कुणाचा हातच पोहोचला नव्हता, वर्षानुवर्षं. उजव्या बाजूला पाहिलं, तेच. पुढे, तेच. त्यांनी वरच्या डबीतलं तेल खेचून नवं ओतलं होतं. बॉनेट उघडून दाखवायला तेवढं पुरतं.

"काय झाला गो?" आईने ड्रायव्हरच्या सीटवरून विचारलं.

"काही नाही. फसवलं आपल्याला."

गंजावर स्प्रे मारला, थांबले, मग पाना हळूच फिरवला. स्क्रू कुरकुरला आणि सुटला. सिरिंजने डबी रिकामी करून त्यात नवं तेल भरलं होतं, नळी बाटलीत सोडली होती.

"दाब."

"दाबलंय."

नळीतून जे आलं ते चहाच्या चोथ्याच्या पाण्यासारखं होतं, काळपट, मध्येमध्ये बुडबुडे. या पाण्यावर मी आईला घाट उतरवत होते.

"सोडू?"

"थांब, बंद करते. आता सोड."

दुसऱ्या चाकापर्यंत आमची लय जमली होती, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. मागे वॉचमन. आमची ही बिल्डिंग जुन्या चाळीच्या जागेवर उभी आहे. सेक्रेटरीही त्याच चाळीत वाढलेले, तिसऱ्या मजल्यावरचे. त्यांच्या वडिलांची स्कूटर दुरुस्तीसाठी चौकात खोलून पडलेली असायची, आणि आम्ही सगळी मुलं भोवती.

"हे काय चाललंय? पार्किंगमध्ये रिपेअरिंग अलाउड नाही."

"ब्रेकचं काम आहे. तासाभरात आवरते. तेल सांडू नये म्हणून खाली पत्रा ठेवलाय, बघा."

"प्रश्न तो नाहीये. लोक काय म्हणतील? गॅरेज केलंय सोसायटीचं. आता ही चाळ राहिली नाही, जरा समजा."

मी पाना हातात घेऊन उभी राहिले. ओठांवर आलेलं सगळं मी बोलले असते तर बरं झालं नसतं. पण खिडकीतून आईच बोलली, पेडलवरचा पाय न हलवता.

"मगे खंय करूचा? घाटात?"

"तसं नाही, काकी..."

"घाटात ब्रेक लागाक नाय आमचे. मरतलव होतव. आता माझो झील काम करता, तर तुका लोक काय म्हणतले ह्याचा पडला?"

आई चिडली की मला झील म्हणते, म्हणजे मुलगा. "लवकर आटपा," असं सेक्रेटरी वॉचमनकडे बघत म्हणाले आणि गेले. संध्याकाळी लिफ्टपाशी सूचना लागली, की सोसायटीच्या आवारात वाहनदुरुस्ती करू नये. नाव नव्हतं, गरजही नव्हती.

चारही चाकांतून स्वच्छ तेल यायला लागेपर्यंत आम्ही थांबलो नाही. शेवटी पेडल दाबलं तर पायाखाली दगड. पार्किंगमध्येच हळू पुढे-मागे करून पाहिलं. आई म्हणाली, "आता बरा." तिचे पाय दोन दिवस दुखत होते.

सोमवारी ड्युटीच्या आधी मी ते काळं तेल बाटलीत घेऊन आणि स्क्रूचे फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. या वेळी मॅनेजरला बोलवायला लावलं. त्याने बाटलीकडे पाहिलं, फोटोंकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मॅडम, आपण आत बसून बोलू. पुढची सर्व्हिसिंग आमच्याकडून फ्री."

"मला फ्री काही नको. तुम्ही ते काम केलं नव्हतं, एवढं म्हणा."

"तसं आम्ही म्हणू शकत नाही."

"का? माणूस मेला असता तर म्हणाला असता?"

"आवाज खाली करा, मॅडम. कस्टमर आहेत."

कस्टमर होते, म्हणूनच मी आवाज खाली केला नाही. सोफ्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, बायको शेजारी, पायाशी प्रवासाच्या बॅगा. मी त्यांच्याकडे वळले. "काका, कुठे निघालात?"

"चिपळूणला. गाडी तयार होतेय."

"ब्रेक ऑइल बदललंय म्हणून सांगितलंय तुम्हाला?"

त्यांनी ॲडव्हायजरकडे पाहिलं. त्याने स्क्रीनकडे. "सांगितलंय," काका म्हणाले. मी बाटली त्यांच्यासमोर धरली आणि झालं ते थोडक्यात सांगितलं. त्यांची बायको आधी उठली.

"चाकं काढा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मॅनेजर नियम सांगायला लागला, की वर्कशॉपमध्ये कस्टमरला परवानगी नाही, सेफ्टीचा प्रश्न आहे. "सेफ्टीचाच आहे," त्या बाई म्हणाल्या आणि वर्कशॉपकडे चालू पडल्या. गाडी वर उचलली, चाक निघालं. मला काही सांगावं लागलं नाही. आतला स्क्रू मातीने माखलेला सगळ्यांनाच दिसला.

मला कुणी सॉरी म्हटलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. काकांच्या गाडीचं काम मात्र त्या दिवशी झालं, चारही चाकांचं. ते होईपर्यंत मी त्यांच्या बायकोशेजारी उभी राहिले. ड्युटीला उशीर झाला, सुपरवायझरचे दोन फोन आले. उचलले नाहीत.