बनुआत्याची फुंकणी

पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीतले गडी मुंबईच्या गोदीत कोळसा उपसत आणि शिमग्याला घरी येत. आले की बनुआत्या प्रत्येकाच्या हातात फुंकणी देई. एका दमात चूल पेटवली तर ठीक, खोकला आला की तिचा हुकूम सुटे, "यंदा गोदी बंद. शेतावर राबायचं." भले भले गडी तिला टरकून असत.

एकतीस साली तिचा नवरा महिपतीच खोकला.

"तुमचीबी गोदी बंद," आत्या म्हणाली.

"बरं. आता तू फुंक गो," महिपती म्हणाला.

तीस वर्षं घरातला धूर गिळलेली आत्या ऐटीत फुंकायला गेली आणि खोकून खोकून लालबुंद झाली.

महिपतीनं हसत कुदळ घेतली, तिची चूल उकरून काढली आणि मोकळ्या अंगणात नेऊन मांडली.

"तुझीबी गोदी बंद!"