इंजिनाची वात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुमची माझी ओळख नाही — म्हणूनच बहुधा जमेल.

आमच्या धारूरला करडईच्या तेलाची एक जुनी गिरणी होती. तेलाचे चांगले दिवस होते तेव्हा शेठजींनी गिरणीशेजारी साहेबी थाटाचा बंगला बांधला — रंगीत काचा, बिडाचे नक्षीदार खांब. पुढं गिरणी बंद पडली, इंजिन तेवढं राहिलं. ते इंजिन माझ्या आबांनी जन्मभर चालवलेलं.

मग हाताखाली त्यांनी मला का नाही घेतलं? शेजारच्या सोपानला घेतलं, माझ्याच वयाच्या. "तुझा हात जड हाय," एवढंच मला म्हणाले. अंथरुणाला खिळले तेव्हा तेलाची झारी त्यालाच दिली. मी, पोटचा पोरगा — उशाशी उभा.

मी मास्तर झालो. सोपान पंपदुरुस्ती करायचा आणि दर रविवारी इंजिन पुसून, चालवून बघायचा. लांबलांबून लोक यायचे, फोटो काढायचे. "ह्याच्या आबांनी शिकवलं," तो माझ्याकडे बघून सांगायचा. चांगुलपणानंच. आणि मी जळायचो.

चार वर्षांपूर्वी शेठजींचा नातू दोन जाणकारांना घेऊन पुण्याहून आला. इंजिन चालताना दिसलं तर गिरणी, बंगला, सगळंच राखायचं, लोकांना बघायला खुलं करायचं, असं ठरलेलं.

त्या इंजिनाच्या बेअरिंगवर तेलाची वाटी असते, तीत सुताची वात. वातीवाटे तेल थेंबथेंब खाली उतरतं. इंजिन थांबलं की वात काढून काठावर ठेवायची, सुरू करण्याआधी परत घालायची. सोपाननं त्या सकाळी घातली. मी पाहिलं. मग तो पाहुण्यांना घ्यायला फाटकापाशी गेला —

मी ती उपसली. काठावर ठेवली, नेहमी ठेवतात तशी.

थोडी फजिती व्हावी, एवढंच वाटत होतं का? खोटं कशाला बोलू — इंजिन मोडावं, त्याच्या हातून, सगळ्यांदेखत, हेच वाटत होतं.

अर्ध्या तासात धूर. मग कर्कश आवाज, आणि चाक जाम. पाहुणे घड्याळं बघत निघून गेले. सोपान काठावरच्या वातीकडं बघत राहिला.

"म्या वात घालायलाच इसरलो का बे?"

"वय झालं बे, सोपान. इसरला असशील."

हे मी म्हणालो. अगदी मायेनं म्हणालो.

इंजिन भंगारात गेलं. बंगला पाडला, तिथं आता गाळे आहेत. सोपाननं पान्ह्याला हात लावणं सोडलं. कुणी पंप घेऊन आलं तर म्हणतो, "दुसऱ्याला दावा, माझ्या हाताचा भरवसा न्हाई." हॉटेलात कुणी नवखा भेटला की गिरणी आपल्या इसरभोळेपणानं गेली, असं स्वतःच सांगतो. वर माझ्याकडं बोट करतो — "इचारा ह्याला, हा व्हता तितं."

मी मान हलवतो. परवाही हलवली.