कवडी उलटवणाऱ्या बायका

"हात ढिला सोड गं. बांगडी चावत न्हाई."

समोर नवी नवरी असो की चार लेकरांची आई, चाची हे म्हणायचीच. म्हणता म्हणता बाईचा पंजा आपल्या पंजात घ्यायची, अंगठा आत दुमडायची, सांधे दाबायची, आणि बाईने 'आई गं' म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. काच तडकली तर दोष बाईचा. "तूच आवळलास," असं ऐकवून ती टोपलीतून दुसरी काढायची.

तिचं नाव गल्लीत कुणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. जुन्नरच्या आमच्या गल्लीत ती चाची होती. नवऱ्याचं हातकागदाचं काम बसलं, मग नवराही गेला, तेव्हा तिने बांगड्यांची टोपली डोक्यावर घेतली. एरवी पेठेत आणि आसपास हिंडायची. भातलावणी उरकली की मोटारीने घोडेगाव, तिथून शिनोली, आणि पुढे पायी डोंगरात आहुप्यापर्यंत. मी तेव्हा गावच्या दवाखान्यात नर्स होते. "तू बी बायांचं हात धरतीस, मी बी धरते," ती मला म्हणायची. "पर तुझ्याकडं रडत येत्यात, माझ्याकडं हसत."

गर्भार बाईला सुई टोचताना मी तिचंच 'हात ढिला सोड' हे वाक्य थोडं बदलून वापरायला लागले.

आता पटाविषयी. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पट खेळला गेला असेल त्यांना पुढचं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. चार पट्ट्यांचं, चौकडीचं कापड. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं आपली सोंगटी पुढे न्यायची. दुसरीच्या सोंगटीवर नेमकी जाऊन बसली, तर दुसरीची मेली. तिने पुन्हा पहिल्यापासून यायचं. फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मात्र कुणाला मारता येत नाही. बस, एवढंच.

दुपारची भांडी झाली की गोदाकाकींच्या ओट्यावर पट मांडला जायचा. काकींची गुळाची वखार होती. ओटा त्यांचा, पट त्यांचा, कवड्याही त्यांच्या, त्यामुळे भांडण झालं की निकालही त्यांचाच. ज्या दिवशी दवाखाना लवकर आटपे, त्या दिवशी मीही जाऊन बसे. मला खेळात फार गती नव्हती, पण बघायला आवडे.

आणि बघण्यासारखं होतं काय, तर लबाडी! संसारात पै-पैला प्रामाणिक असलेल्या बायका कवड्या हातात आल्या की पार बदलून जात. कुणी दान मोजून व्हायच्या आत कवड्या गोळा करी. कुणी घरं मोजताना एखादं घर गिळी. कुणी पदर सावरताना करंगळीने कवडी उलटवी. चाची स्वतःही उलटवायची आणि पकडलं की मोठ्याने हसायची. "पकडलंस? मंग सोंगटी मागं घेते. न्हाई पकडलं आसतंस तर तुझी चूक व्हती."

दुसरीची लबाडी मात्र तिने कधी ओरडून सांगितली नाही. कुणाचं बोट कवडीकडे सरकलं की पटाकडे न बघताच ती हळूच म्हणे, "हात ढिला सोड." बाई दचके, हात उचले. बाकीच्यांना वाटे, चाची आपल्या धंद्यातलंच काही बोलली.

गोदाकाकींच्या घरात त्या वर्षी सून आली होती, हौसा. शिनोलीची. तिच्या लग्नाचा चुडा चाचीनेच भरला होता. मुलगी कामाला चलाख, बोलायला कमी. पटावर बसली की कवडी उलटवायची, आणि इतकी वाईट उलटवायची की मलासुद्धा दिसायचं.

एकदा चाची दवाखान्याच्या पायरीवर दम खात बसली होती, तेव्हा मी विषय काढला.

"हौसा लबाडी करते. तुम्हाला दिसतं ना?"

"लई वंगाळ करती. कुणीतरी शिकवायला पायजे तिला."

"मग बोलत का नाही?"

"बोलले तर उद्या यायची न्हाई. मंग खेळू कुणासंगं? तुझ्या बाटल्यांसंगं?"

"पण खोटं ते खोटंच, चाची."

"हायेच की खोटं. पर कवा उलटवती, ते बघितलंस? शेवटी पडली की. एक जण मागं टाकली की बास, हात मांडीवर. आन् खोट्या दानानं तिनं कुणाची सोंगटी मारली न्हाई अजून. मारायजोगी आसली तरी दुसरीच सोंगटी हालवती. तिला जिकायचं न्हाई, बाई. तिला शेवटी ऱ्हायचं न्हाई."

मी ऐकलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवत नाही. पुढचे काही दिवस मी हौसावर नजर ठेवली. चाचीचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

कारणही कळलं. आमच्यात रीत होती, शेवटी राहील तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भाजलेल्या शेंगा आणायच्या. आम्ही त्या हसत आणत होतो. हौसाला मात्र शेंगा सासूकडे मागाव्या लागत, आणि काकी त्या ओट्यावर सगळ्यांसमोर देत. "घे बाई. शिनोलीत कवड्या मोजाया शिकवत नाय वाटतं. आईनं धाडलं तरी काय शिकवून तुला?" बायका हसत. काकींचा विनोद, काकींचा ओटा. न हसून कुठे जाणार?

चैत्रात काकींची लेक माहेरपणाला आली. तिच्या मुलाचा चांदीचा करगोटा आंघोळीच्या वेळी काढून कोनाड्यात ठेवला होता, तो नाहीसा झाला. घर झाडलं, वखार झाडली, गुळाच्या ढेपा हलवल्या. मिळाला नाही. मग लेकच म्हणाली, "वहिनी पटावर चोरती, साऱ्या गल्लीनं बघितलंय. जिला कवडी चोरवती, तिला करगोटा काय जड हाय?"

काकींनी ते उचललं. हौसाची ट्रंक माजघरात उपडी केली. चार लुगडी आणि एक आरसा निघाला. तेवढ्याने संशय फिटायला हवा होता, पण उलटं झालं. "मंग माहेरी पोचता केला आसंल," असं ठरलं. शिनोलीला निरोप गेला, मुलीला घेऊन जा. हौसाचा नवरा वखारीत होता. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही. अशी मुलगी एकदा माहेरी गेली की काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला परत आणत नाहीत, आणि चोर हे नाव तिच्या धाकट्या बहिणींच्या लग्नातही आडवं येतं.

मी काकींकडे गेले. म्हटलं, ट्रंकेत काही मिळालं नाही, माहेरचं माणूस इकडे फिरकलेलं नाही, मग करगोटा शिनोलीला गेला कसा? हिशेब साधा होता. काकी म्हणाल्या, "नर्सबाई, तुमी जखमा बांधा. घरातलं आमी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाचा भाऊ आला. ओट्याच्या कडेला टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. त्याला पाणी दिलं होतं, चहा नव्हता. हौसा गाठोडं घेऊन चौकटीत उभी. गल्लीतल्या बायका कामाचं निमित्त काढून जमल्या होत्या, मीही त्यातच. काकी पंचांग बघून म्हणाल्या, राहुकाळ सरला की निघा.

तेवढ्यात चाची आली. टोपली उतरवली, ओट्यावर चढली आणि कोनाड्यातला पट काढून पसरला.

"हे काय?" काकी म्हणाल्या.

"येळ हाय न्हवं निघायला? मंग बसून काय तोंडं बघायची? या काकी, तुमी आन् मी. दोघीच. का भ्या वाटतंय?"

काकींना पटावर आव्हान दिलेलं सहन होत नसे. त्या बसल्या.

त्या दिवशी चाची कशी खेळली ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. रोज ती गप्पा मारत, हरत, हसवत खेळायची. आज हात कोपरापर्यंत उघडे, दान टाकलं की दोन्ही पंजे वर. एक कवडी इकडची तिकडे केली नाही. आणि तोंड मात्र चालू. काकींचं दान हलकं पडलं की म्हणे, "अगं बया! जुन्नरात कवड्या मोजाया शिकवत न्हाई वाटतं." काकींची सोंगटी मेली की, "आईनं धाडलं तरी काय शिकवून?" शब्द काकींचेच होते. पहिल्यांदा एकच बाई हसली. मग दोघी हसल्या. मग साऱ्याच, अगदी काकींची लेकसुद्धा.

काकींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांची दुसरी सोंगटी मेली, तिसरी मेली. चाची म्हणाली, "शेंगा भाजून ठेवा काकी, उद्या आमी सगळ्या येणार."

काकींनी दान टाकलं. दोन उताण्या पडल्या. चाचीची सोंगटी तीन घरांवर होती. काकींनी पदर सावरला आणि त्यांच्या करंगळीने एक कवडी उलटवली. "तीन," त्या म्हणाल्या, आणि चाचीची सोंगटी मारली.

सगळ्यांनी बघितलं होतं. हौसाच्या भावानेही.

चाचीने मेलेली सोंगटी उचलून मुकाट्याने पहिल्या घरात ठेवली. मग विचारलं, "काकी, करगोटा तुमी घेतलात?"

"मी? माझ्या नातवाचा करगोटा मी चोरू?"

"मंग कवडी का उलटवली?"

काकी पटावरच्या सोंगट्या सारख्या करायला लागल्या. चाचीने घाई केली नाही. ती नुसती बघत राहिली, मनगटाचं माप घेताना बघते तशी.

"सगळ्या हसत व्हत्या," काकी शेवटी म्हणाल्या.

"पोरीला बी हसत व्हत्या," चाची म्हणाली. "रोज. आन् तिनं तर तुमची एक सोंगटी मारली न्हाई."

मला वाटलं, काकी आता चाचीला ओट्यावरून खाली उतरवणार. त्या उठल्या, लुगडं झटकलं. भावाकडे बघून म्हणाल्या, "पावणं, जेवल्याबिगर जायचं नाय." मग चौकटीकडे न बघता, "हौसे, तांदूळ टाक. उभी काय राहिलीस?"

हौसाने गाठोडं आत ठेवलं. जेवून, सुपारी खाऊन, संध्याकाळच्या मोटारीने भाऊ एकटाच गेला.

करगोटा सापडला का, असं तुम्ही विचाराल. नाही सापडला. लेकराने नाल्यात टाकला, उंदराने नेला की कुणी खरंच घेतला, देव जाणे. चाचीलाही ठाऊक नव्हतं. मी तिला विचारलं, "आणि हौसानेच घेतला असता तर?" ती म्हणाली, "तर मी चुकले आसते. पर कवडीवरनं तिला चोर म्हनायचं, तर मंग गल्लीत घरी ऱ्हाईल कोण? तू?"

मी हे शहाणपण विसरलेले नाही. नंतरच्या नोकरीत औषधाची बाटली कमी आली, कापूस कमी आला, तेव्हा ज्या बाईवर सगळ्यांचं बोट गेलं तिच्यावर मी पहिलं बोट कधी ठेवलं नाही. यात दयामाया काही नव्हती. असं केल्याने खरा चोर लवकर सापडतो, एवढंच.

चाचीला मात्र या डावाची किंमत पडली. वखारीचं घर हे तिचं मोठं गिऱ्हाईक. काकींनी तिच्याकडून बांगड्या भरणं बंद केलं. त्यांचं बघून आणखी दोन घरांनी केलं. चाचीने डोंगराकडच्या फेऱ्या वाढवल्या, आणि तिच्या टाचांच्या भेगा मी बांधल्या. पुढे माझी बदली घोडेगावला झाली. ती मुलाकडे कल्याणला गेली आणि तिकडेच वारली, असं फार उशिरा कुणीतरी सांगितलं. तिच्या टोपलीचं काय झालं ते कळलं नाही.

पण माझी बदली व्हायच्या आधीची एक दुपार आहे. त्या प्रकारानंतर बरेच दिवस पट निघाला नव्हता. एक दिवस काकींनी स्वतःच काढला आणि चाचीला हाक मारली. चाची आली, आपल्या जागी बसली. कुणी जुनं काही काढलं नाही.

काकींचा हात त्या दिवशी फार वाईट चालला होता. त्या सगळ्यांच्या मागे होत्या. दान टाकलं की दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत आणि मोजायचं काम हौसावर सोपवत. शेवटच्या डावाला त्यांनी कवड्या टाकल्या. हौसा पुढे वाकली. तीन उताण्या होत्या, मला स्पष्ट दिसत होत्या.

"चार," हौसा म्हणाली.

काकींनी सोंगटी उचलली. एक, दोन, तीन. तिसऱ्या घरावर त्यांचा हात अडला. चौथं घर फुलीचं होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं, सून कवड्या गोळा करत होती. काकींनी सोंगटी पुढे सरकवून फुलीत ठेवली.

चाची त्या वेळी गल्लीकडे तोंड करून बसली होती. समोर कुणाची तरी शेळी बांधलेली होती, आणि चाची तिच्याकडे अगदी मन लावून बघत होती.