धाकट्याचं मशीन

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. गोदामवाले काका तिच्याहून बारा वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणत, आणि म्हातारे मालकसुद्धा. ही हाक कारखान्यात आणली होती तिच्या धाकट्या भावानं. त्याला तिथं चिकटवला तिनंच. पहिल्याच दिवशी भर कचेरीत तो मोठ्यानं म्हणाला, "ताई, इथं चहा कुठे मिळतो गं?" सगळे हसले आणि तेव्हापासून ती सगळ्यांचीच ताई झाली. पण ज्याच्या तोंडून तिला ती हाक ऐकायची होती, तो गेली अकरा वर्षं तिच्याशी एक अक्षरही बोलला नव्हता.

तिच्या ताब्यात सर्व्हरची खोली होती. साठ्याचं एक मशीन, हजेरीचं दुसरं, टपालाचं तिसरं, असं करत करत एकवीस मशीनं जमली होती. त्यांचा सारखा घूं-घूं आवाज आणि त्यांना गार ठेवायला चार एसी. ताई बाराही महिने स्वेटर घालून बसायची. "ताईंकडे एकच ऋतू," असं हिशेबातल्या मुली म्हणायच्या.

कोपऱ्यातलं, पिवळट पडलेलं मशीन हे धाकट्याचं. दुकानातून डोळ्यांचा नंबर आला, की कुठली कच्ची काच घ्यायची, तिला किती गोलाई द्यायची, कडेला किती जाडी ठेवायची, हे सगळं त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम चुटकीसरशी सांगायचा. ते मशीन रुसलं की घासणीच्या दालनातली साठ माणसं हातावर हात ठेवून बसत.

अकरा वर्षांपूर्वी ते असंच रुसलं होतं. आतली डिस्क गेली आणि दोन दिवसांच्या मागण्या तिच्याबरोबर गेल्या. धाकट्यानं "जोडीला दुसरी डिस्क हवी" असं तीन वेळा लिहून दिलं होतं. तिन्ही कागद ताईच्या खणात पडून होते. ते पुढे सरकवायला तिला धीर झाला नव्हता. मालक यंदा काहीच मंजूर करणार नाहीत असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. बैठकीत मालकांनी विचारलं, "असं होईल याची कुणाला कल्पना होती का?" ताई टेबलाकडे बघत राहिली. धाकट्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाला, "चूक माझी." संध्याकाळी त्याचा राजीनामा आला आणि महिन्याभरात तो बायको-मुलाला घेऊन दूरच्या शहरात निघून गेला.

आई ताईकडेच राहायची. धाकटा दर शनिवारी सकाळी अकराला आईला फोन करायचा. कारखाना शनिवारीही असतो आणि अकराला ताई घरी नसते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी आई कौतुकानं सगळं सांगायची, नातवाला दात आले, नातू शाळेत जायला लागला, नातू बापाच्या खांद्याला लागला. ताई भाजी निवडत ऐकायची आणि मधेच विचारायची, "माझं काही विचारलं का गं?" आईला ऐकू कमी यायचं. हा प्रश्न तर तिला कधीच ऐकू आला नाही.

मग मालकांनी कारभार लेकीच्या हाती दिला आणि या धाकट्या मालकीणबाईंनी ठरवलं की सर्व्हरची खोली बदलायची. एकवीस मशीनांपैकी निम्मी म्हातारी झाली होती, त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. नवी पद्धत अशी, की तीन मोठे दणकट सर्व्हर घ्यायचे आणि जुनी सगळी मशीनं आतल्या सामानासकट त्यांच्या पोटात हलवायची. सॉफ्टवेअर अशी करामत करतं की आत गेलेल्या प्रत्येकाला आपण स्वतंत्र मशीन आहोत असंच वाटत राहतं. त्यातला एक सर्व्हर बंद पडला, तर त्याच्यावरची बिऱ्हाडं उरलेले दोघं सांभाळतात.

गोदामवाल्या काकांना काही हे पटेना. ते खोलीत येऊन उभे राहिले. "ताई, माझं मशीन कुठाय?"

"या तिघांपैकी एकावर आहे काका."

"दिसत तर नाही."

"आहे, पण दिसत नाही."

"म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या अभ्यासासारखं," काका म्हणाले आणि मान हलवत निघून गेले.

काम मात्र सुरेख झालं. बाहेरून आलेल्या इंजिनिअरबाईंनी तीन रविवारांत वीस मशीनं हलवली. पूर्वी एखाद्या विभागाला नवं मशीन द्यायचं म्हणजे सहा आठवडे वाट बघा, खोकी फोडा, तारा ओढा. आता ते चहा गार व्हायच्या आत होऊ लागलं. दोन एसी बंद झाले. ताईनं स्वेटर काढून खुर्चीला अडकवला, तर मुली दारातून बघायला आल्या.

एकविसावं मशीन अडलं. धाकट्याचं. त्याची हुबेहूब नक्कल नव्या सर्व्हरवर उठली, प्रोग्रॅम सुरूही झाला, आणि पडद्यावर एक ओळ आली: "हे मशीन ओळखीचं नाही." धाकट्याचीच ओळ, त्याच्याच शब्दांत. पुढे काही नाही. इंजिनिअरबाईंनी दोन दिवस डोकं फोडलं. तिकडे जुन्या मशीनची डिस्क आतून टिकटिक करायला लागली होती. तो आवाज ताईला चांगलाच माहीत होता.

"लिहिणाऱ्यालाच विचारावं लागेल," इंजिनिअरबाई म्हणाल्या. "कुठे आहेत ते?"

ताई म्हणाली, "विचारते."

त्या शनिवारी ती कारखान्यात गेली नाही. अकरा वाजले. फोन वाजला. आई नेहमीसारखी ओरडून बोलली, जेवलास का, खोकला गेला का. मग म्हणाली, "थांब हं, इथं एक जण आहे," आणि फोन ताईच्या हातात दिला.

ताईनं फोन कानाला लावला. मग त्याचा आवाज आला. जाड झालेला, पण त्याचाच.

"बोला."

पूर्वी तो "बोल गं" म्हणायचा. ताईनं कामाचं तेवढं सांगितलं. त्यानं मधे न तोडता ऐकून घेतलं.

"प्रोग्रॅम मशीन ओळखायला नेटवर्क कार्डाचा नंबर तपासतो. मालकांनीच सांगितलं होतं तेव्हा, कुणी चोरून नेऊ नये म्हणून. जुन्या कार्डाचा नंबर नव्या मशीनला द्या. तशी सोय असते त्यात. होईल सुरू."

"बरं."

"पण घड्याळाकडे लक्ष ठेवा. सर्व्हरवर ताण आला की पोटात हलवलेल्या मशीनांचं घड्याळ मागे पडतं. पत्ता देतो, अडलं तर लिहा." त्यानं ईमेलचा पत्ता सांगितला. "अजून काही?"

अजून अकरा वर्षांचं होतं. "नाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "झालं? एवढंच?"

नंबर दिला आणि प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात सुरू झाला. टाळ्या पडल्या. पण आठवड्यानं तपासणीच्या बाईंनी एक जोडी परत पाठवली. उजव्या डोळ्याची काच डावीला गेली होती. मग अशाच आणखी चार. घड्याळ खरंच मागे-पुढे होत होतं, आणि प्रोग्रॅम जोड्या लावायचा त्या मागणी आलेल्या सेकंदाच्या हिशेबानं. ताईनं पत्र लिहिलं. खाली काय म्हणून सही करावी ते ठरेना. शेवटी नाव न टाकताच पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं. बुधवारी दुपारी तीनला मी इकडूनच मशीनमध्ये येतो.

बुधवारी तीनला ती एकटीच पडद्यासमोर बसली होती. बरोबर तीनला पडद्यावरचा बाण हलला. तिचा हात माऊसवर नव्हता. बाण डावीकडे गेला, थबकला, एक फाईल उघडली. शेकडो कोसांवरून धाकटा तिच्या समोरच्या पडद्यावर वावरत होता. तिनं नकळत खुर्ची पुढे ओढली.

तो टाइप करत होता. तीन शब्द भरभर, मग थांबायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. लहानपणीही तो तसाच. खोडरबरानं इतका घासायचा की वहीच्या पानाला भोक पडायचं आणि मग ताई मागून कागद चिकटवून द्यायची.

एकाएकी एक कोरं पान उघडलं. अक्षरं उमटली: "कुणी आहे का समोर?"

तिनं लिहिलं, "मी आहे."

"बरं," एवढं लिहून तो पुन्हा कामाला लागला.

एका बैठकीत काम होणारं नव्हतं. दर बुधवारी तीनला तो येऊ लागला. घड्याळाची जोडणी बदलली, जोड्या अनुक्रमांकानं लावल्या, आणि ते झाल्यावर मालकीणबाईंनी मशीनची देखभालच त्याच्याकडे सोपवली. कोऱ्या पानावर दोन-चार ओळी होऊ लागल्या. इतका पाऊस का, आईचं औषध बदललं का. जेमतेम वीस मिनिटं. ताई बुधवारी दुपारी कुणालाही वेळ देत नसे. "ताईंची बुधवारची पूजा चालू आहे," काका म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची. घरी मात्र ती त्या ओळी पुन्हा पुन्हा मनात वाचायची, एखाद्या शब्दात काही दडलंय का बघायची. काही नसायचं. पाऊस म्हणजे पाऊसच असायचा.

एके दिवशी सकाळी तीनपैकी एक सर्व्हर भर कामात बंद पडला. त्यावरची सात मशीनं दोन मिनिटांत उरलेल्या दोघांवर पुन्हा उठली. घासणीच्या दालनात कुणाला कळलंसुद्धा नाही. त्या दुपारी मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. म्हातारे मालकही येऊन बसले होते. मालकीणबाई म्हणाल्या, "पूर्वी असं झालं असतं तर दोन दिवस गेले असते. ताई, हे तुमचं श्रेय."

ताई उठून उभी राहिली. "अकरा वर्षांपूर्वी दोन दिवस गेले होते," ती म्हणाली. "धाकट्यानं तेव्हा तीनदा लिहून दिलं होतं. ते कागद माझ्या खणात होते. चूक त्याची नव्हती, माझी होती. तेव्हा बोलले नाही, आज बोलते."

म्हातारे मालक म्हणाले, "मला माहीत आहे, ताई."

"तुम्हाला?"

"राजीनामा द्यायला आला तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारलं. शेवटी त्यानं सांगितलं. आणि म्हणाला, ताईला यातलं काही विचारायचं नाही. आई तिच्याकडे आहे, घर तिच्यावर आहे. माझ्याकडून वचन घेतलं आणि गेला."

ताई खाली बसली. शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तो तिला दिसलाच नाही.

बुधवारी तीनला बाण हलला आणि तिनंच कोरं पान उघडलं. जे बैठकीत बोलली ते सगळं लिहिलं. मालक काय म्हणाले तेही. शेवटी लिहिलं, "माझं चुकलं. मी घाबरले होते."

पलीकडून अक्षरं आली: "मला वाटलं होतं तू निदान घरी येऊन". थांबली. एकेक करून पुसली गेली. मग, "मी रोज वाट". तीही पुसली गेली. आपण काय पुसतोय हे ती बघतेय, हे त्याला ठाऊक नव्हतं का? असणारच. मशीन त्याचं होतं. ताईनं पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा एकच ओळ शिल्लक होती.

"ताई, रडू नकोस गं. येईन मी."

येईन म्हणाला, पण आला नाही. आधी मुलाची परीक्षा आली, मग बायकोचं आजारपण. आईनं दोनदा गादीचे अभ्रे धुवून ठेवले. जवळजवळ वर्ष गेलं. ताई बुधवारी काही म्हणायची नाही. आग्रह करायचा हक्क आपण गमावलाय असं तिला वाटायचं. पण रस्त्यात एखाद्या पाठमोऱ्या माणसाची मान तशी दिसली, की तिची पावलं आपोआप भरभर पडायची.

आणि एका गुरुवारी सकाळी तो दारात उभा होता. पोट सुटलेलं, केस विरळ, नाकावर चष्मा. काचेच्या कडेची जाडी बघून ताईनं नंबर ओळखला. बोलायला दुसरं काही सुचेचना, म्हणून म्हणाली, "काच चांगली नाही घासलेली."

"तुमच्याकडची नाही ना," तो म्हणाला. मग चप्पल काढता काढता म्हणाला, "तुझ्याकडची."

दोन दिवस राहिला. आई त्याचा हात सोडेना. कारखान्यातही आला. काकांनी मिठी मारली. सर्व्हरच्या खोलीत मशीनं ठेवायच्या पाच कपाटांपैकी चार रिकामी होती. त्यानं सगळीकडे पाहिलं. "एवढीशीच होती ही खोली?" म्हणाला. जुन्या गोष्टीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. बोलायला बसले की आई यायची, नाहीतर चहा उकळायचा, नाहीतर मुलाचा फोन यायचा. दुपारी तो आईच्या खोलीत घोरत पडला आणि ताई उंबऱ्यावर उभी राहून किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं ती त्याच्या रागाशी बोलत आली होती. राग आता निवळला होता, आणि त्याच्या जागी गेलेल्या वर्षांचीच हुरहूर होती. त्या हुरहुरीशी भांडताही येत नव्हतं.

शनिवारी ती त्याला बसवर पोचवायला गेली. पिशवी ठेवायला म्हणून आत चढली आणि त्याच्या शेजारीच बसून राहिली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

"उतर आता," तो म्हणाला, "नाहीतर तूही येशील माझ्याबरोबर."

"आले तर?"

तो हसला, पण त्याचे डोळे भरले होते. ती उतरली. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती फलाटावरच होती. मागून आलेल्या दुसऱ्या बसनं भोंगा वाजवला, "ओ बाई, सरका!", तेव्हा ती बाजूला झाली.